महालक्ष्मीच्या जेवणातली पानकोबीची कोशिंबीर, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

महालक्ष्मीचा (भादव्यातल्या गौरींचा) स्वयंपाक पहिल्यांदा अंगावर आला की सगळं टेन्शन पुरणाचं असतं. पुरण सैल झालं तर, पोळी तव्यावर फुटली तर, आंबील खाली लागली तर, सोळा भाज्यांतली एखादी राहून गेली तर. कोशिंबिरीचं कोणाच्या डोक्यातच नसतं. कच्चंच तर आहे, चिरलं की झालं, असं म्हणून ते काम घरातल्या सगळ्यात नव्या सुनेला नाहीतर कॉलेजातल्या पोरीला देऊन टाकतात आणि ती बिचारी सकाळी दहालाच चिरून, मीठ लिंबू लावून, झाकून ठेवून मोकळी होते. मग दोन वाजता पंगत बसते तेव्हा गंजात (पातेल्यात) खाली दोन वाट्या पाणी आणि वर मऊ पडलेला चोथा.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्मीला हेच झालं होतं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, आमच्याकडे अजूनही पळसाच्या पत्रावळीवर पंगत बसते. मी वाढत गेले आणि माझ्यामागं प्रत्येक पत्रावळीवर ते खारट पाणी वाहत वाहत पुरणपोळीखाली गेलं. कोणी काही बोललं नाही, पण लोकांनी पोळीचा ओला झालेला तुकडा बाजूला सारून ठेवलेला मी पत्रावळी उचलताना पाहिला आणि मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी आत्याबाई (सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो) जवळ बसून म्हणाल्या, "मीठ आधीच टाकलं होतं काय वं पोरी? मीठ लागलं का पानकोबी रडते. वाढाच्या टायमाले टाकाव." तेवढ्या एका वाक्यात अर्धं शिक्षण झालं. उरलेलं अर्धं मला पुढच्या दोन-तीन वर्षांत कळलं आणि तेच इथं लिहिते आहे, कारण हे कोणी नीट सांगत नाही.

ते उरलेलं अर्धं म्हणजे माप. रोजच्या जेवणात आपण कोशिंबीर कालवतो, चिमूटभर तोंडात टाकतो, मीठ कमी वाटलं तर टाकतो, लिंबू पिळतो. महालक्ष्मीला हे चालत नाही. नैवेद्य दाखवायच्या आधी काहीच चाखायचं नसतं, वासही मुद्दाम घ्यायचा नाही म्हणतात आमच्याकडे. भाजीचं निभतं, शिजवून शिजवून हाताला अंदाज बसलेला असतो. पण कच्च्या कोशिंबिरीत मीठ, आंबट, गोड असं तिन्ही नीट बसलं पायजे आणि ते न चाखता बसवायचं असेल तर मोजूनच टाकावं लागतं. म्हणून सगळं आधी वजनानं ठरवून ठेवायचं आणि त्या दिवशी फक्त मापं ओतायची.

आधी एक ट्रायल

पोळा, तान्हा पोळा झाला की महालक्ष्म्यांना आठवडाभर तरी राहतो. त्या मधल्या दिवसांत एकदा साध्या जेवणात पाव किलो भाजीची कोशिंबीर करून बघा. पाव किलो म्हणजे चिरल्यावरचं वजन, बाजारातलं नाही. त्याला सपाट अर्धा छोटा चमचा मीठ, अर्धा चमचा साखर, अर्ध्या-पाऊण लिंबाचा रस, दोन मोठे चमचे फल्लीदाण्याचा (शेंगदाण्याचा) कूट. चमचा कोणता ते एकदाच ठरवा आणि तोच चमचा त्या दिवसासाठी बाजूला ठेवा, कारण एका घरात चार मापाचे चमचे असतात आणि सगळा घोळ तिथंच होतो. सपाट म्हणजे सपाट, वरून बोटानं सारखं केलेलं. खा, घरच्यांना खाऊ घाला, कोणाला मीठ कमी वाटतं कोणाला आंबट जास्त वाटतं ते विचारा आणि लिहून ठेवा. आमच्या घरी हे माप फ्रीजवर नाही, देवघराच्या फडताळाच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलेलं आहे, दरवर्षी त्यावर परत खडू फिरवते.

किती करायची

कोशिंबीर पत्रावळीच्या डाव्या बाजूला वाढतात, चटणी लोणच्याच्या शेजारी, म्हणजे ती थोडीच असते. माणशी 50 ग्रॅम धरलं तर पुरतं, परत मागणारे धरूनही. एक किलो चिरलेल्या भाजीत वीस माणसं आरामात होतात. पन्नास माणसं असतील तर अडीच किलो. पानकोबीची वरची पानं, देठ, काकडीच्या बिया असं सगळं जाऊन उरतं ते मोजायचं आहे, म्हणून बाजारातून सव्वापट तरी आणायचं, पावसात पानकोबी खराब निघाली तर दीडपटही लागतं.

एक किलोचं माझं माप असं आहे:

पानकोबी चिरलेली 600 ग्रॅम
काकडी कोचवून, पाणी काढून 200 ग्रॅम
गाजर जाड किसलेलं 200 ग्रॅम
मुगाची डाळ अर्धी वाटी, भिजवलेली
फल्लीदाण्याचा कूट एक वाटी, म्हणजे 100 ग्रॅमच्या जवळपास
मीठ सपाट दोन छोटे चमचे (10 ते 12 ग्रॅम)
साखर दोन छोटे चमचे
लिंबाचा रस पाव वाटी, आपल्या गावच्या लिंबाचे दोन-तीन लागतात
हिरव्या मिरच्या चार-पाच, सांबार (कोथिंबीर) मूठभर
फोडणीला तेल दोन मोठे चमचे, मोहरी, जिरं, हिंग, गोडनिंबाची (कढीपत्त्याची) आठ-दहा पानं

कांदा नाही. चातुर्मास असतो, बऱ्याच घरी कांदा लसूण आषाढी ते कार्तिकी एकादशीपर्यंत बंदच असतो आणि नैवेद्यात तर तसाही चालत नाही. मुळ्याचं ज्याच्या त्याच्या घरची रीत बघून, आमच्याकडे त्या दिवशी टाकत नाहीत. टमाटर मी मुद्दाम टाकत नाही, त्यातून नुसतं पाणी सुटतं. बीट टाकलं तर सगळंच लाल होऊन जातं आणि पानकोबीचा तो पांढरा-हिरवा रंगच दिसत नाही. डाळिंबाचे दाणे मिळाले तर जरूर टाका, छान लागतात आणि दिसतात.

बाजार

पानकोबीचा खरा मोसम थंडीचा. भादव्यात जी मिळते ती बाहेरून आलेली असते आणि पावसात तिच्यात अळ्या पण असतात, म्हणून निवडताना घाई नको. लहान गड्डे घ्या, पाऊण किलोच्या आतले, हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं जड वाटले पायजेत. दोन्ही हातांनी दाबलं की करकर आवाज येतो तो ताजा, पोकळ लागला तर ठेवून द्या. पानांना बारीक भोकं दिसली तर आत अळी असणारच. देठ कापलेला भाग पांढरा असावा, काळा पडलेला म्हणजे बरेच दिवस झाले.

काकडी त्या दिवसांत आपल्या वावरातलीच असते, कपाशीच्या कडेनं लावलेली. चांगलीच असते, पण एखादी कडू निघते आणि एका कडू काकडीनं पूर्ण गंज जातो. चाखायचं नाही म्हटल्यावर काय करायचं? मी बाजारातच विकणाऱ्या मावशीला देठाकडचा काप काढून द्यायला सांगते आणि तिथंच खाऊन बघते, कडूपणा देठाकडेच जास्त असतो. घरच्या वावरातली असेल तर वावरातच, तोडल्या तोडल्या. घरात आणून नैवेद्याच्या टोपलीत ठेवल्यावर मात्र चाखायचं नाही. ज्यांना कापलेली काकडी नैवेद्याला चालत नाही त्यांनी सरळ काकडी सोडून तेवढं गाजर वाढवा, काही बिघडत नाही. बाजार आदल्या दिवशी केलेला बरा. आमच्या गावचा आठवडी बाजार कधी कधी तीन-चार दिवस आधी पडतो, तेव्हा पानकोबी आणि गाजर आणून ठेवते, पानकोबी कागदात गुंडाळून माठाच्या बाजूला जमिनीवर ठेवली की फ्रीजशिवाय टिकते. काकडी आणि सांबार मात्र आदल्या दिवशीच.

आदल्या रात्री

फल्लीदाणे मंद आचेवर भाजायचे, गडबड करायची नाही, वरून काळे आतून कच्चे राहिले तर कोशिंबिरीला कच्चट वास येतो. गार झाल्यावर टरफलं पाखडून जाडसर कूट. मिक्सरात करत असाल तर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवलं की तेल सुटून गोळा होतो आणि तो कूट भाजीला नीट लागत नाही. खलबत्त्यात कुटलेला सगळ्यात चांगला, पण पन्नास माणसांचं खलबत्त्यात कुटत बसायला त्या रात्री कोणाला वेळ असतो, महालक्ष्म्या बसलेल्या असतात, आरास चाललेली असते, उद्याचं पुरणाचं चाललेलं असतं. तर मिक्सरच. फक्त लाइटीचा भरवसा नसेल तर संध्याकाळीच करून घ्या.

सकाळी धुणं

हे काम टाळू नका. पावसाळ्यात कच्चं खायचं, आणि तेही पन्नास लोकांना, म्हातारे असतात, लहान लेकरं असतात, बाळंतीण असते. शिजवलं की जे मरतं ते कच्च्यात तसंच पोटात जातं. पानकोबी मातीजवळ वाढते आणि तिची पानं एकावर एक गच्च असतात, वरून धुतल्यानं आतलं काहीच निघत नाही.

मी असं करते. वरची तीन-चार पानं काढून गाईला टाकते. मग गड्डा उलटा धरून देठाच्या भोवती चाकूचं टोक तिरपं आत घालून गोल फिरवते, देठ गाजरासारखा निमुळता निघून येतो. त्या खड्ड्यात नळाची धार सोडायची, नळ नसेल तर गडव्यानं वरून पाणी ओतायचं, पाणी पानांमध्ये शिरतं आणि पानं आपोआप सैल होतात. एकेक पान अलगद सोडवून घ्यायचं, ओढलं तर फाटतं. सगळी पानं सुटी झाली की कोपरात (मोठ्या परातीत) पाणी घेऊन त्यात मूठभर मीठ टाकून दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवायची, बारीक अळ्या असतील तर त्या पानं सोडून पाण्यात येतात. मग प्रत्येक पान दोन्हीकडून बोटं फिरवून साध्या वाहत्या पाण्यात धुवायचं. हो, प्रत्येक पान. अडीच किलोला पाऊण तास जातो, कोणाला तरी सोबत घ्या, गप्पा मारत होतं.

पाणी प्यायचंच वापरा, नाल्याच्या किंवा साठवलेल्या टाक्याच्या पाण्यानं धुऊन उपयोग नाही. गाजर, काकडी, सांबार, मिरच्या, सगळं चिरायच्या आधी धुवायचं, चिरल्यावर नाही. चिरलेलं धुतलं की त्यातलं सत्वही जातं आणि पाणी आत राहून जातं.

वाळवणं

धुतल्यावर जे पाणी पानावर राहतं ते शेवटी कोशिंबिरीच्या तळाशी येतं, म्हणून पुसणं धुण्याइतकंच महत्त्वाचं. पानं टोपलीत उभी रचून ठेवली की निथळतात. अर्ध्या तासानं जुन्या धुतलेल्या सुती लुगड्यावर पसरून वरून दुसरा पदर टाकून हलक्या हातानं दाबायची. त्या दिवसांत हवाच ओली असते, नुसती ठेवून वाळत नाहीत, पंख्याखाली ठेवा. पानाला हात लावल्यावर बोट ओलं झालं नाही पायजे.

याच वेळी मुगाची डाळ भिजत घाला, तासभर पुरे. मग निथळून तीसुद्धा फडक्यावर पसरायची. ही डाळ का टाकायची तर ती भाजीतून सुटलेलं पाणी थोडं स्वतःत ओढून घेते आणि दाताखाली छान येते. काही जण हरभऱ्याची डाळ टाकतात, ती मात्र चार तास तरी भिजली पायजे.

चिरणं

किसणीवर पानकोबी किसू नका. घाईत सगळे तेच करतात आणि हल्ली ते दोरी ओढायचं चॉपर निघालं आहे, त्यात तर भरडाच होतो. किसल्यानं, ठेचल्यानं भाजी फाटते आणि आतलं पाणी लगेच बाहेर येतं. धारदार चाकूनं किंवा विळीवर कापलं की कड साफ निघते आणि पाणी बराच वेळ आत राहतं. विळीला आदल्या दिवशी धार लावून घ्या.

पानं सुटी करण्याचा फायदा इथं होतो. प्रत्येक पानाची मधली जाड शीर काढून टाका (ती सोळा भाज्यांच्या मिसळीत टाका, वाया घालवू नका), मग पाच-सहा पानं एकावर एक ठेवून पातोडीसारखी घट्ट गुंडाळी करा आणि विळीवर आडवी धरून कापत जा. सुतासारखे लांब धागे पडतात. बोटाच्या पेराइतक्या लांबीचे असू द्या, फार लांब राहिले तर वाढताना लोंबतात आणि खाताना तोंडात मावत नाहीत, म्हणून गुंडाळी कापून झाल्यावर त्या ढिगाला एकदा मधून उभा चाकू द्या.

काकडी कोचवायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, उजव्या हातातल्या चाकूनं वरच्या तोंडावर उभे उभे खच्च खच्च जवळजवळ वार करायचे, हातातल्या हातात काकडी फिरवत, मग वरचा तेवढा थर आडवा कापून टाकायचा, की बारीक बारीक तुकडे पडतात. परत वार, परत आडवा काप. हे बघायला सोपं वाटतं पण पहिल्यांदा हाताला लागायची भीती असते, तर नव्यांनी काकडी पाटावर ठेवून बारीक चिरली तरी चालेल. बिया मोठ्या असतील तर आधी उभी चिरून चमच्यानं काढून टाका. कोचवलेली काकडी पातळ फडक्यात घेऊन हलकेच पिळा. निघालेलं पाणी पडवळाच्या कढीच्या ताकात घाला.

गाजर किसणीच्या जाड बाजूनं किसलं तरी चालतं, त्यात पाणी तेवढं नसतं. काकडीच्या शंभर ग्रॅममधले 95 तर पाणीच असतं, पानकोबीत 92 च्या आसपास, गाजरात 88. हे पाणी भाजीच्या बारीक बारीक पेशींमध्ये भरलेलं असतं. बाहेरून मीठ लागलं की ते पेशीच्या पातळ पडद्यातून बाहेर ओढलं जातं, कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर रस सुटतो ना, तसंच. लोणच्यात ते हवं असतं, कोशिंबिरीत नको असतं. साखरही हेच करते. एवढं लक्षात आलं की पुढचं सगळं का ते समजतं.

चिरलेली भाजी वेगवेगळ्या गंजात ठेवायची, एकत्र करायची नाही. वरून ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं झाका आणि सावलीत, माठाजवळ ठेवा. चुलीच्या खोलीत अजिबात नको. अशी कोरडी चिरलेली पानकोबी तीन-चार तास चांगली राहते.

पंगतीप्रमाणे वाट्या

ही माझी स्वतःची युक्ती आहे आणि मला वाटते यानंच माझी कोशिंबीर सुधारली. मीठ, साखर आणि लिंबाचा रस हे तिन्ही मी भाजीवर वेगवेगळं टाकतच नाही. एक किलोला लागणारं मीठ आणि साखर मोजून एका वाटीत घेते, त्यात मोजलेला लिंबाचा रस ओतते, चमच्यानं विरघळेपर्यंत ढवळते आणि वर ताटली झाकते. अशा जितक्या पंगती तितक्या वाट्या, शिवाय नैवेद्यासाठी एक छोटी वाटी, ट्रायलच्या मापाची. दोन फायदे होतात. एक म्हणजे कालवताना मीठ एका जागी राहत नाही, रसाबरोबर सगळीकडे सारखं जातं, नाहीतर एकाच्या पानावर खारट आणि दुसऱ्याच्या पानावर अळणी असं होतं आणि चाखून बघायची तर सोय नाही. दुसरं म्हणजे गडबडीच्या वेळी डोकं वापरावं लागत नाही. आरती चालू असते, कोणीतरी ओरडत असतं तूप कुठं आहे, लेकरू रडत असतं, आणि अशात "दोन चमचे टाकले का तीन" हे आठवत नाही. वाटी रिकामी आहे म्हणजे टाकलं, भरलेली आहे म्हणजे राहिलं.

लिंबाच्या बिया गाळून घ्या, आणि रस सकाळीच काढू नका, फार तर तासभर आधी, नाहीतर कडवट लागतो.

फोडणी

तेल तापलं की मोहरी, ती पूर्ण तडतडली पायजे, मग जिरं, हिंग, मिरच्यांचे मोठे तुकडे, गोडनिंब. मिरच्या मोठ्या ठेवायच्या म्हणजे लेकरांच्या पानातून काढून टाकता येतात आणि फोडणीत परतल्या की त्यांचा कच्चा तिखटपणा कमी होतो. हळद मी घालत नाही, भाजीचा रंग झाकला जातो. तेल फल्लीचं असेल तर वास फारच छान येतो. गॅस बंद केल्यावर पाच मिनिटं थांबा. कडकडीत फोडणी कच्च्या पानकोबीवर ओतली की ती जागच्या जागी शिजते, पिवळी पडते आणि मऊ होते. कोमट झाली की ओतायची.

कालवणं

नैवेद्याचं ताट वाढायला घेतलं की पाव किलो भाजी वेगळ्या भांड्यात घ्या. आधी फोडणी, थोडीशी, हातानं सगळीकडे लावायची. तेलाचा पातळ थर भाजीवर बसला की मीठ जरा उशिरा आत जातं, म्हणून फोडणी पहिली. मग डाळ, सांबार. मग छोट्या वाटीतला रस. सगळ्यात शेवटी कूट, कारण जे थोडं पाणी सुटतं ते कूट धरून ठेवतो, आधी टाकला तर तोच भिजून त्याचे गोळे होतात. कालवताना पानकोबी मुठीत दाबायची नाही, खालून वर उचलायची, पुरण घोळतो तसं नाही, मुरमुरे चिवडतो तसं हलकं.

नैवेद्य झाला, की चाखायला मोकळे. त्याच कोशिंबिरीतला घास आधी स्वतः खाऊन बघा. मीठ-आंबट काही कमीजास्त वाटलं तर पहिल्या पंगतीच्या वाटीत तेवढी दुरुस्ती करता येते, आणि म्हणूनच सगळी एकदम कालवायची नाही.

मग पंगत बसायला लागली, पाट मांडले, पत्रावळी टाकल्या, पाणी फिरलं, की पहिल्या किलोची कालवायची. उरलेली फोडणी तेवढ्याच वाटण्या करून. वीस-पंचवीस मिनिटं ती अगदी कुरकुरीत राहते आणि एका पंगतीला वाढायला तेवढा वेळ पुरेसा असतो. दुसऱ्या पंगतीची दुसऱ्या वेळेला. पुरणपोळी, तूप, भजे, कोहळ्याचे बोंडं असं सगळं गोड-तळलेलं पोटात जात असताना मधेच ताजी आंबट कुरकुरीत कोशिंबीर तोंडात आली की माणूस अजून एक पोळी घेतो, हे मी वाढताना कितीतरी वेळा पाहिलं आहे. आमचे मोठे भाऊजी कधीच काही परत मागत नाहीत, ते आता पत्रावळीच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवून नुसते माझ्याकडे बघतात.

वाढताना झाऱ्यानं वाढा, चमच्यानं नाही. थोडं पाणी सुटलंच असेल तर ते झाऱ्यातून गंजातच राहतं.

दही घालायचं असेल तर

काही घरी दह्यातली करतात. तेव्हा लिंबू अजिबात नको, कूट अर्धा, आणि दही सुती फडक्यात दोन तास टांगून घट्ट केलेलं. एक किलो भाजीला दोन वाट्या टांगलेलं दही. साखर तेवढीच, मीठ साखर दह्यातच फेटून ठेवायचं. ही मात्र पंगत बसल्यावरच कालवा, उकाड्यात दही लवकर आंबतं.

दिवाळीत आणि संक्रांतीला

हीच कोशिंबीर दिवाळीत करताना वरूड-मोर्शीकडची आंबिया बहाराची संत्री बाजारात यायला लागलेली असतात, पानकोबीत संत्र्याच्या सोललेल्या फोडी टाकून बघा, लिंबू अर्ध्यावर आणा आणि साखर काढून टाका. फोडीची पांढरी साल पूर्ण काढायची, ती कडू लागते. संक्रांतीला पानकोबी, गाजर, मुळा सगळं वावरातलं ताजं असतं, तेव्हा फल्लीच्या कुटात अर्धा भाजलेल्या तिळाचा कूट मिसळायचा. चातुर्मास संपलेला असतो, तर पातीचा कांदाही चालतो.

उरलं तर

न कालवलेली चिरलेली भाजी उरली तर ती फडक्यात गुंडाळून ठेवा, दुसऱ्या दिवशी तिच्यात बेसन, ज्वारीचं पीठ घालून भजे होतात. कालवलेली कोशिंबीर मात्र संध्याकाळपर्यंत ठेवून परत वाढू नका, खाण्यासारखी राहत नाही. दह्याची नसेल तर तिच्यात सुटलेल्या पाण्यासकट ज्वारीचं आणि थोडं हरभऱ्याचं पीठ, तिखट, ओवा घालून त्याच संध्याकाळी थालीपीठं लावा, वेगळं पाणी लागत नाही आणि मीठही परत घालायचं नाही, फक्त पिठापुरतं चिमूटभर.